एकटीने लांब चालायचं, तर सुरुवात कशी करायची?

आम्ही कुंभवलीहून बोलतो आहोत. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. विषय आहे चालणं. तेही लांबचं, आणि तेही एकटीने. "चालायला काय शिकायचं? जन्मभर चालतोच आहोत," असं कोणी ना कोणी म्हणणारच.

म्हणणं खोटं नाही. पाण्यासाठी आपण चालतो, लाकडासाठी चालतो. नवापूर, मुरबे, सातपाटीच्या बायका मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालतात. रिक्षाचे पैसे वाचवायला कंपनीच्या शिफ्टला आपण चालत जातो आणि आठ तास उभं राहून चालतच परत येतो. या चालण्याला कोणी अडवत नाही, कारण त्यात घराचं काम असतं. पण हीच बाई एखाद्या सकाळी रिकाम्या हाताने, पाणी नको, लाकूड नको, बाजार नको, नुसती चालायला म्हणून निघाली, की ओट्यावरून प्रश्न येतात. "कुठे गं चाललीस? सोबत कोण आहे? घरात काही झालं का?"

म्हणजे पायांची तयारी आपली झालेलीच आहे. शिकायचं आहे ते वेगळंच. अंतर कसं वाढवायचं, पिशवीत काय घ्यायचं, पाणी आणि लघवी यांचं काय करायचं, घरी काय सांगायचं आणि एकटीने निघताना आपली खबर कोणाकडे ठेवायची. आज याच गोष्टी एकेक करून बोलू. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

आधी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या एक आजी होत्या. शेतात राबलेल्या, अकरा मुलांच्या आई. नवऱ्याची मारहाण वर्षानुवर्षं सोसून शेवटी त्याच्यापासून वेगळ्या झालेल्या. त्यांच्या देशात डोंगरातून जाणारी अॅपलाचियन नावाची पायवाट आहे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची. १९५४ साली त्या एकट्याच ती चालायला गेल्या. वाट चुकली, चष्मा फुटला आणि जंगलखात्याच्या माणसांनी त्यांना घरी परत जायला सांगितलं. त्या परत आल्या, आणि पुढच्या वर्षी, ६७ व्या वर्षी, पुन्हा निघाल्या. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसात अंगावर घ्यायला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. मे महिन्यात निघालेल्या आजी सप्टेंबरअखेर शेवटच्या डोंगरावर पोचल्या. ती पूर्ण वाट एका हंगामात एकटीने चालणारी ती पहिली बाई.

या गोष्टीत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, महागडं सामान नसलं तरी चालता येतं. दुसरी, पहिली खेप अर्धवट राहिली म्हणजे विषय संपला असं नाही. एक गोष्ट मात्र आपण त्यांच्याकडून घेऊ नये. मुलांना त्यांनी फक्त "फिरायला जाते" एवढंच सांगितलं होतं. कुठे, किती दिवस, काही नाही. आपण सांगून निघायचं. त्याबद्दल पुढे बोलूच.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याच डहाणू-तलासरीच्या जंगलपाड्यांतून गोदावरी परुळेकर १९४५ साली पायी हिंडल्या. पुण्याच्या शिकलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या बाई. ना वाट ओळखीची, ना भाषा. वारली बायका-माणसांनी त्यांना वाट दाखवली, घरात ठेवून घेतलं. पुढे त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आलं आहे. अनोळखी मुलखात चालणाऱ्या बाईला त्या मुलखातल्या बायकाच सांभाळतात, हे आपल्या जिल्ह्याने तेव्हाच बघितलेलं आहे.

आता कामाचं बोलू.

सुरुवात आपल्या तब्येतीपासून. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. रक्त कमी असेल तर थोड्या चालण्याने धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण म्हणतो, "माझ्याच्याने होत नाही." होत नाही असं नसतं, रक्त कमी असतं. म्हणून लांब चालायचं ठरवलं की आधी उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन, बीपी आणि साखर तपासून घ्या. आशाताईंना विचारा, त्या सांगतील कुठे आणि कधी. गुडघा सुजत असेल, छातीत दुखत असेल, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंतर वाढवू नका.

मग पहिला महिना. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करायला सांगते, ते यात बसतं. चाल अशी ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. "घरकामात माझं चालणं होतंच," असं म्हणू नका. घरकामात आपण दर दोन मिनिटांनी थांबतो, वाकतो, उठतो. सलग चालण्याने दम वाढतो, तो वेगळा.

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यात एक दिवस लांबचा. आमच्याकडे कुंभवलीहून नवापूरचा समुद्र ही चांगली वाट आहे, जाऊन-येऊन एक सकाळ. किनाऱ्याने चालायचं तर भरती-ओहोटी बघून. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बारा-एकच्या सुमारास भरती असते आणि सकाळी सहा-सातला ओहोटी. मग रोज पाऊण-एक तासाने वेळ पुढे सरकते, म्हणजे अष्टमीच्या सुमारास सकाळीच पाणी भरलेलं सापडेल. मच्छीमार बायकांना विचारलंत तर त्या तिथीवरून लगेच सांगतील. खाडीच्या तोंडाशी एकटीने पाण्यात उतरू नका, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी नाही.

किनारा जमला की आपल्या रेल्वेचा उपयोग करा. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. बोईसरहून उमरोळी रेल्वेने सहा किलोमीटर, पालघर बारा, केळवे रोड वीस. रस्ता वळणाचा असतो, म्हणून एक-दोन किलोमीटर जास्त धरा. पहिल्या वेळी बोईसर ते उमरोळी चालायचं आणि लोकलने परत यायचं. दोन-तीन वेळा ते सहज झालं की पालघरपर्यंत. पालघर जमलं की केळवे रोड. असं केल्याने परत येण्याची काळजी राहत नाही, आणि मध्येच दमलात तर जवळचं स्टेशन गाठता येतं. आपल्या भागात गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी बघून लिहून ठेवा. स्टेशन जवळ नसेल तर एसटी आहेच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. चालायचं ते रस्त्याने. रेल्वेच्या रुळांमधून किंवा कडेने नाही. "रुळाने जवळ पडतं" म्हणून जीव गेलेले आपल्या प्रत्येकीला माहीत आहेत. आणि रस्त्याने चालताना उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसेल अशा बाजूने. एमआयडीसीतले टँकर आणि चिल्हार रस्त्याचे ट्रक मागून आले तर कळत नाहीत. कपडे फिकट रंगाचे घाला. कानात मोबाइलची गाणी लावू नका.

वेळेचा साधा हिशोब. नवशिक्या बाईला एक किलोमीटरला पंधरा मिनिटं लागतात. सहा किलोमीटरला दीड तास, बाराला थांबत-थांबत साडेतीन तास, विसाला सहा तास. म्हणून वीस किलोमीटर चालायचं तर उजाडताच निघायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत बरंचसं होतं. आपल्याकडे हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे महिने लांब चालायला बरे. चैत्र-वैशाखात अंतर निम्मं करा.

आता पाय. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा लाँग मार्च आला होता, सुमारे १८० किलोमीटर. त्यातल्या आदिवासी बायकांच्या सोललेल्या पावलांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या बायकांच्या अंगात बळ कमी नव्हतं, पायात धड चप्पल नव्हती. म्हणून पैसे खर्च करायचेच तर पायांवर करा. बूट महाग नको, पण मऊ तळाचे आणि अर्धा नंबर मोठे हवेत, कारण चालून पाय सुजतात. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय खरे मापाचे असतात. नवे बूट घालून पहिल्याच दिवशी बारा किलोमीटर जाऊ नका, आधी आठवडाभर घरात-अंगणात वापरा. मोजे घाला. साडीत चालायला काही हरकत नाही, फक्त निऱ्या घोट्याच्या वर घ्या.

पायाला कुठे चुरचुरलं, गरम लागलं, की लगेच थांबा आणि तिथे चिकटपट्टी लावा. "पोचल्यावर बघू" म्हटलं की फोड आलाच. फोड आला तर वरची कातडी ओढून काढू नका. स्वच्छ धुवा, झाका, दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्या. साखरेचा आजार असलेल्या बाईने फोड आला तर दवाखान्यातच दाखवावा.

पिशवी पाठीवरची, दोन्ही खांद्यांना पट्टे असलेली. वजन आपल्या वजनाच्या दहाव्या भागाइतकं, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पाच किलो, त्यावर नको. मुलीची शाळेची जुनी पिशवी चालते. आत काय? दोन लिटर पाणी. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, शेंगदाणे-गूळ, दोन केळी, आपल्या डहाणूचे चिकू. मीठ-साखरेची पुडी. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मोजून. मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो. शिवाय एक ओढणी, चिकटपट्टी, पॅड, कागद, साबणाचा तुकडा, बॅटरी, थोडे सुटे पैसे आणि एका चिठ्ठीवर घरच्यांचे नंबर, कारण मोबाइल बंद पडला की पाठ असलेला नंबरही आठवत नाही.

आता जे मंडळातसुद्धा हळू आवाजात बोललं जातं ते बोलू. लघवी. बाहेर जायचं म्हटलं की आपण पाणी पिणंच सोडतो. दिवसभर कोरड्या राहतो, आणि रात्री जळजळ, ताप. असं वारंवार केलं तर मूत्रपिंडापर्यंत त्रास जातो. म्हणून वाट ठरवतानाच थांबे ठरवा. स्टेशन, एसटी स्टँड, पेट्रोल पंप, शाळा, अंगणवाडी, देवळाचं आवार. पंपावर "ताईंसाठी बाथरूम कुठे आहे?" असं सरळ विचारा. कुलूप असेल तर किल्ली मागा. नाहीच मिळालं, तर एखाद्या घराच्या दारात बाई दिसली की तिला सांगा. आजवर आम्हाला कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट चहा मिळालेला आहे. पाळीच्या दिवसांत चालायला काही आडकाठी नाही. पोटात दुखत नसेल तर चाला. चार ते सहा तासांनी पॅड बदला, वापरलेलं कागदात गुंडाळून परत आणा, शेतात-ओहोळात टाकू नका.

आता सगळ्यात अवघड भाग. घर.

आमच्यात अशा बायका आहेत की ज्यांना वीस किलोमीटर चालण्यापेक्षा "मी उद्या सकाळी चालायला जाते" हे एक वाक्य बोलणं जड गेलं. नवरा म्हणतो, "लोक काय म्हणतील?" सासू म्हणते, "सकाळचं पाणी कोण भरणार?" यातला दुसरा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवा. कोणत्या दिवशी, किती वाजता, परत किती वाजता, त्या सकाळचा डबा आणि पाणी कोण बघणार. महिन्यातली एक सकाळ मागायची, आणि दिलेल्या वेळेला परत यायचं. दोन-तीन वेळा तुम्ही वेळेवर परत आलात की घरचं बोलणं आपोआप कमी होतं. "लोक काय म्हणतील" याला मात्र उत्तर देत बसू नका. लोक पहिल्या दिवशी बोलतात, चौथ्या दिवशी "आज उशीर झाला का?" असं विचारतात.

भीतीचंही बोलायला हवं. भीती खरी आहे. अंधारात, सुनसान कारखान्यांच्या मागच्या रस्त्याने एकटीने जाऊ नका. जंगलात तर नाहीच. काळदुर्ग, अशेरी हे गड आपल्या जिल्ह्यातलेच, पण रान दाट आहे आणि वाटा फुटतात. वाघोबा खिंडीत वाघोबाला पूजतात, ते उगाच नाही. बिबट्या आजही त्या रानात आहे. गडावर पहिल्या खेपेला पायथ्याच्या पाड्यातली माहितगार बाई किंवा माणूस घेऊनच जा, त्यांच्या श्रमाचे पैसे द्या. रस्त्यात कोणी मागे लागलं तर जिथे बायका दिसतील तिथे शिरा, दुकानात थांबा, ११२ वर फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेत त्रास झाला तर १३९. आणि एवढं करूनही काही वाईट घडलं, तर दोष ते करणाऱ्याचा. "गेलीच कशाला एकटी?" हे वाक्य निदान आपण बायकांनी तरी एकमेकींना ऐकवायचं नाही.

म्हणून आमचं तुम्हाला एक सांगणं आहे. प्रत्येक बचत गटाने एक निरोपाची वही ठेवावी. आपली कर्जाची वही असते तशीच. ज्या बाईला एकटीने चालायला जायचं, तिने आदल्या दिवशी वहीत लिहायचं. नाव, कुठून कुठे, कोणत्या रस्त्याने, निघणार किती वाजता, पोचणार किती वाजता, परत कशी येणार, मोबाइल नंबर. त्या दिवशी गटातली एक बाई "राखणदारीण". तिने घरीच राहायचं, फोन जवळ ठेवायचा. चालणारीने ठरलेल्या दोन ठिकाणांहून मिस कॉल द्यायचा. ठरल्या वेळेनंतर तासभर कळलं नाही, तर राखणदारणीने आधी फोन करायचा, मग घरी कळवायचं, मग ११२. लिहिता येत नसेल तर दुसरीने लिहावं. या वहीला खर्च दहा-वीस रुपये. पण रस्त्यावर एकट्या असलेल्या बाईला माहीत असतं की माझी वाट कोणीतरी बघतंय. घरच्यांनाही उत्तर मिळतं. "सोबत कोण आहे?" "अख्खा गट आहे."

असं तीन-चार महिने चाललात, एका दिवसात वीस किलोमीटर जमायला लागले, की मुक्कामाच्या चालण्याकडे वळता येईल. यासाठी आपल्या महाराष्ट्राइतकी सोय कुठे नसेल. आषाढीची वारी बघा. आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. मुक्ताईंची पालखी तर जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून निघते आणि महिनाभर चालते. म्हाताऱ्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात, कोणी त्यांना "एकटीच का आलीस?" असं विचारत नाही. दिंडीत नाव नोंदवून भिशी भरली की जेवण, तंबू आणि सामानाचा ट्रक मिळतो. पहिल्या वर्षी सगळी वारी करायचा हट्ट नको. आळंदी ते पुणे एक दिवस चाला. पुण्याहून सासवडचा टप्पा दिवेघाटाचा आणि लांबचा, तो पुढच्या वर्षी. ज्यांना पावसापेक्षा थंडी बरी वाटते त्यांच्यासाठी पौष वद्य एकादशीची त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची यात्रा आहे, तिथेही पायी दिंड्या येतात. आपल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून असते. तिथे चालत जायचं तर ऊन लक्षात घेऊन, सोबत घेऊन. देवाला जायचं नसेल तरी चालेल. वाट सगळ्यांची असते.

शेवटी या आठवड्याचं काम सांगतो. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक कोरी वही काढा. पहिल्या पानावर एका बाईचं नाव, एक वाट आणि एक वार लिहा. अंतर तीन किलोमीटर असलं तरी चालेल. तिची राखणदारीण कोण, तेही त्याच बैठकीत ठरवा. ती परत आली की तिला पुढच्या बैठकीत सगळं सांगायला लावा. रस्ता कसा होता, पाणी कुठे मिळालं, बाथरूम कुठे होतं, कुत्री कुठे होती. ते वहीत उतरवा. वर्षभरात तुमच्या गावाभोवतालच्या वाटांची माहिती बायकांनी बायकांसाठी लिहिलेली तयार होईल, आणि पुढे निघणारीला ती उघडून बघता येईल.